मानीबाईचा आवाज कोणाचा?

फुलसावंगीजवळच्या तांड्यावर मानीबाई राठोड राहते आणि तिला प्रश्न पडतात. इतरांना जशी सर्दी होते तसे मानीबाईला प्रश्न होतात. फरक एवढाच की तिला त्यासाठी थंडी लागत नाही. एसटीत बसली की कंडक्टरला विचारणार, "भाऊ, सुटीच्या दिवशी तुमाले बसल्याबसल्या झोप येते का, का गाडी हालाले पाह्यजे?" आरोग्य केंद्रात बीपी मोजायला गेली की दंडावरचा पट्टा फुगेपर्यंत गप्प, आणि डॉक्टरांनी हवा सोडली रे सोडली की, "मंग हे तपासलेली हवा जाते कुठं?" मागल्या निवडणुकीत हात जोडत आलेल्या एका उमेदवाराला तिनं विचारलं होतं, "निवडून नाही आले त दिवसभर काय करता, बाप्पा?" तो पडला. पुढं एका दुपारी तो मुद्दाम तांड्यावर येऊन तिला उत्तर सांगून गेला, असं लोक म्हणतात.

या प्रश्नांच्या माऱ्यात चाळीस वर्षं टिकून राहिलेला माणूस म्हणजे तिचा नवरा, फुलचंद. त्यानं पहिल्याच वर्षी एक युक्ती शोधून काढली. प्रश्न कोणताही असो, उत्तर 'हव', म्हणजे 'हो', हेच द्यायचं. "आज पाणी येईन का?" "हव." "म्हशीले काय झालं?" "हव." सुरुवातीला मानीबाई चिडायची. पुढं तिनं आपले प्रश्न बाहेर नेले आणि सगळ्या फुलसावंगीला ते पुरून उरले.

बाकी मानीबाईची खरी ओळख प्रश्नांची नव्हे, गळ्याची. होळीला तांड्यावर लेंगी गातात. बायांचा घोळका गोल धरून नाचतो, एकजण पहिली ओळ उचलते आणि बाकीच्या ती झेलतात. ओळ उचलायचा मान गेली कित्येक वर्षं मानीबाईचा. होळीच्या आधी महिनाभर बायका एकमेकींना सांगायच्या, "मानीबाईले थंड पाणी देऊ नका व."

आता शाळेकडं येऊ, कारण घोटाळा तिथं सुरू झाला.

तांड्यावर जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे आणि तिथं रुपाली मॅडम शिकवतात. मूळच्या बोरी अरबच्या, उत्साही बाई. त्यांनी कापूस वेचायच्या दिवसांत पालकसभा ठेवली. ज्या दिवसांत तांड्यावर कोंबड्यासुद्धा घरी सापडत नाहीत, त्या दिवसांत पालक कुठून येणार? एक गृहस्थ आले. मॅडमनी त्यांचं गुलाबाचं फूल देऊन स्वागत केलं. ते बकरी शोधायला आले होते.

मग मॅडमनी ठरवलं की पालक शाळेत येत नाहीत तर शाळाच पालकांकडे पाठवावी. त्यांनी पॉडकास्ट सुरू केला. पॉडकास्ट म्हणजे काय, तर रेडिओवरच्यासारखा कार्यक्रम, पण आपल्या मोबाइलवर, आपल्याला सवड होईल तेव्हा ऐकायचा. पहिला भाग त्यांनी स्वतः केला. "सन्माननीय पालक बंधू-भगिनींनो, अध्ययन निष्पत्तीच्या अनुषंगाने..." असा तो सुरू होत होता. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याला भराभर जोडलेले हात आले. ऐकला कोणीच नव्हता. मरणाची बातमी समजून लोक हात जोडत होते.

दुसऱ्या भागापासून मॅडमनी माइक पोरांच्या हाती दिला. माइक म्हणजे मॅडमचाच मोबाइल. आठवड्याला एक प्रश्न, पोरांनी विचारलेला, पोरांच्याच बोलीत. उत्तर शोधायचं, कोणाला तरी गाठून विचारायचं, आणि शेवटी शाळेच्या दोन बातम्या सांगायच्या: कोणाचे दाखले आणायचे राहिलेत, डॉक्टर कधी येणार आहेत. कार्यक्रमाचं नाव ठेवलं 'काहून?', म्हणजे 'का?'. शनिवारी दप्तर नसतं, त्या दिवशी खिचडीचा तांदूळ ठेवायच्या खोलीत रेकॉर्डिंग चालायचं. वर्गात आवाज घुमतो. पोत्यांच्या खोलीत तो गुमान बसतो, हे पोरांनीच हुडकलं. प्रश्न विचारणाऱ्यानं आधी आपलं नाव आणि इयत्ता सांगायची, हा एकच नियम. मुलाखती घ्यायला चौथीतली नयन. ही पोर इतकी धीट की तिनं ग्रामसेवकांना 'तुम्ही गावात कोणत्या वारी असता?' हे रेकॉर्डिंग सुरू ठेवून विचारलं होतं.

'काहून?' चालला. आणि तो चालला कापसाच्या वावरात.

आमच्याकडे बाया टोळीनं कापूस वेचतात. एकेकीनं एकेक तास, म्हणजे पिकाची ओळ, धरायचं आणि सगळ्यांनी बरोबरीनं पुढं सरकायचं. मानीबाईच्या टोळीत तांड्यावरच्या बाया आणि गावातल्याही. मोठ्या आवाजाचा मोबाइल एकट्या मानीबाईकडे. तो ती गळ्यात पिशवी करून अडकवायची. पूर्वी त्यात गाणी लागत. आता सोमवारी सकाळी 'काहून?' लागू लागला. पण मानीबाईचा हात वेचायला भारी चपळ. ती पुढं गेली की आवाजही पुढं जाणार. मग 'सरड्याचा रंग काहून बदलते' याचं उत्तर चुकू नये म्हणून मागच्या बाया झपाझप बोंडं उपसत तिला गाठायच्या. शेताची मालकीण इंदूबाई त्या दिवशी शाळेवर खूष होती. पण प्रश्न वादाचा निघाला की अख्खी टोळी कमरेवर हात देऊन वावरात उभी. 'आधी कोंबडी का अंडं' या भागाला तर दुपारपर्यंत एक बोंड हाललं नाही. मग इंदूबाईनं मॅडमना निरोप धाडला, "असे प्रश्न पावसाळ्यात घेत जा, म्हणा."

फरदडीची, म्हणजे शेवटची वेचणी चालू होती आणि होळी जवळ आली होती. मॅडमनी ठरवलं की एक भाग लेंगीवर करायचा. पाहुणी अर्थातच मानीबाई. ती नव्या लुगड्यात आली. मॅडम म्हणाल्या, "अहो, यात दिसत नाही." मानीबाई म्हणाली, "मले त दिसते ना." तांदळाच्या पोत्यावर बसून तिनं नयनच्या प्रश्नांना उत्तरं दिली, उलट नयनलाच चार प्रश्न विचारले आणि एक लेंगी पुरी म्हटली. पोरं भान हरपून ऐकत होती. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं.

सोमवारी वावरात तो भाग लागला.

"पोरीहो, आमच्या लहानपणी..." मोबाइल बोलू लागला. मानीबाई थबकली. तिनं पिशवी कानाशी नेली. मग गाणं सुरू झालं. मानीबाईचा चेहरा अशा बाईसारखा झाला जिला आपल्याच घरातून अनोळखी माणूस बाहेर येताना दिसला आहे.

"ई मार आवाज छेनी!" ती तांड्याच्या गोरबोलीत ओरडली. मग गावातल्या बायांसाठी वऱ्हाडीत, "हा माहा आवाज नोहे!"

"कोणाचा मंग?" सुखीबाईनं विचारलं. सुखीबाई म्हणजे मानीबाईची शेजारीण, मैत्रीण आणि लेंगीत दुसऱ्या नंबरची गळेवाली.

"मले काय मालूम? पत्र्याच्या डब्यात मांजर कोंडल्यावानी हाय. माहा आवाज असा भरलेला हाय, घागरीवानी. हे काय चिर्रर्र करून राह्यलं?"

"तुहाच हाय व," इंदूबाई म्हणाली. "असाच त हाय."

"असाच?"

"हव, बिलकुल."

मानीबाईनं मोबाइल बंद केला आणि उरलेला दिवस एक शब्द न बोलता वेचत राहिली. टोळीतल्या बायांना घाम फुटला. मानीबाई एक दिवस गप्प म्हणजे विहीर आटल्यासारखं.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला समोर बसवलं. "माहा आवाज कसा हाय?"

फुलचंदनं सवयीनं 'हव' म्हणायला तोंड उघडलं होतं. पण बायकोची मुद्रा पाहून त्यानं ते गिळलं. अडचणीच्या वेळी बायकोची स्तुती करावी, एवढं शहाणपण त्याच्यापाशी होतं. "चांगला हाय," तो म्हणाला.

"त्या मोबाइलातल्यावानी हाय का येगळा हाय?"

"बिलकुल मोबाइलातल्यावानी!" फुलचंद उत्साहानं म्हणाला. त्याच्या हिशेबी मोबाइलवर आवाज येणं म्हणजे मोठा मान.

त्या रात्री चूल पेटली, पण भाकरी आदळल्या गेल्या. आणि सकाळी मानीबाईनं जाहीर केलं की यंदा ती लेंगी उचलणार नाही. "इतके वर्ष लोकाइच्या कानात मी हे चिरचिर घातली आन् कोणी बोललं नाही मले. लाज वाटली असन सांगाले."

तांडा हादरला. सुखीबाई मात्र म्हणाली, "नको काळजी करू, मी हाओ ना," आणि त्याच दिवसापासून कोमट पाणी प्यायला लागली.

ही हकिकत कळल्यावर रुपाली मॅडम धावत आल्या. मानीबाई अंगणात तुरीच्या शेंगा ठोकत होती. मॅडम म्हणाल्या, "मी तो भाग काढून टाकते हो ग्रुपवरून. चुकलंच माझं."

मानीबाईचा हात थांबला. रागाची जागा दुसऱ्याच कशानं तरी घेतली होती. ते जे तिला नेहमी होतं ते झालं होतं.

"काढू नका," ती म्हणाली. "मले एक सांगा. मोबाइल आवाज बिघडवते, त नयनचा काहून नाही बिघडवला? त्याच कार्यक्रमात मंधामंधात नयन बोलते, थे बरोबर नयनच वाटते."

"हे मलाही माहीत नाही," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी वावरात मानीबाईनं वेचणी थांबवली आणि प्रत्येकीला मोबाइलसमोर उभं केलं. "बोल काहीबी."

सुखीबाई पदर सावरून म्हणाली, "जय सेवालाल. मी सुखीबाई. यंदा कापूस बरा हाय."

मानीबाईनं ते वाजवलं. सुखीबाईनं कपाळाला आठ्या घातल्या. "बाप्पा! हे कोण भांडखोर बाई हाय? माहा आवाज असा नाही व."

"असाच हाय!" सगळी टोळी एका सुरात.

"तुम्ही जळता."

मग इंदूबाई. मालकीण असल्यामुळं ती सावकाश आणि मऊ बोलायची, आणि आपण मऊ बोलतो याचा तिला अभिमान होता. ती दोन शब्द बोलली, मानीबाईनं वाजवले, आणि इंदूबाईनं नाकाला हात लावला. "मी एवढी नाकात बोलतो?"

"हव," टोळीनं आनंदानं सांगितलं. मालकिणीला एवढं खरं सांगायची संधी रोज येत नाही.

एकेक करत सगळ्या बोलल्या. निकाल प्रत्येक वेळी तोच. जी बोलली तिला आवाज परका वाटला, बाकीच्यांना तंतोतंत. प्रत्येकीचं म्हणणं एकच: "तुमचे सगळ्याइचे बरोबर आले. माहाच बिघडला."

घरी जाऊन मानीबाईनं फुलचंदलाही सोडलं नाही. "बोला." "हव," तो म्हणाला. तिनं वाजवलं. फुलचंद मोबाइल उलटासुलटा करून बघत म्हणाला, "हे कोण बोलून राह्यलं?"

मानीबाई अंगणात बसून विचार करू लागली. मोबाइलला कसं कळतं की आता ऐकणारा तोच आहे जो बोलला होता? माणूस ओळखून मोबाइल खोड्या करत नसणार. म्हणजे गडबड मोबाइलात नाही, ऐकणाऱ्यात आहे. पण ऐकणाऱ्याच्या कानात असती तर त्याला सगळ्यांचेच आवाज बिघडलेले आले असते. इथपर्यंत येऊन ती अडकली. असं अडकण्यात तिला जे सुख मिळतं ते काहींना आमरसात मिळतं.

शनिवारी ती शाळेत हजर. पोत्यांच्या खोलीत पोरं दाटीवाटीनं बसली होती.

"मले प्रश्न इचाराचा हाय," ती म्हणाली.

नयननं नियम सांगितला, "दादी, आधी नाव आन् इयत्ता सांगा लागते. शाळेतल्यालेच इचारता येते."

पोरं मॅडमकडे बघू लागली. मॅडम काही बोलायच्या आत मानीबाईनं मोबाइल तोंडाशी ओढला. "मानीबाई फुलचंद राठोड, इयत्ता दुसरी."

पोरं खदखदली.

"हासाले काय झालं? मी दुसरीत असताना बकऱ्या राखाले घरी ठेवली. पास झाली नाही, नापासबी झाली नाही. मंग मी कोणत्या वर्गात हाओ? तूच सांग."

नयननं क्षणभर विचार केला आणि निकाल दिला, "दुसरीतच." दुसरीची पोरं सरकून बसली आणि त्यांनी नव्या विद्यार्थिनीला जागा करून दिली.

"माहा प्रश्न असा हाय का, आपला आवाज दुसऱ्याइले जसा आयकू येते तसा आपल्याले काहून येत नाही?"

तांदळाच्या पोत्यांना प्रश्न ऐकायची सवय होती, पण असा प्रश्न त्यांनीही ऐकला नसेल. मॅडमनी आर्णीला विज्ञान शिकवणाऱ्या संघदीप सरांना प्रश्न पाठवला. त्यांचं बोलणं मोबाइलवर आलं तेव्हा पोरांना मधली सुटी झाल्याचंही कळलं नव्हतं.

सर म्हणाले, "आधी एक करा. फुटाणे आणा. दोन्ही कानांत बोटं घाला आणि मग फुटाणे खा."

फुटाणे आले. सगळ्यांनी कानांत बोटं घातली. आता खायचे कशानं, हा प्रश्न उभा राहिला. मग दुसरीनं तिसरीला भरवायचे आणि तिसरीनं दुसरीला, असा तोडगा निघाला. कुर्रम, कुर्रम! पोरांचे डोळे विस्फारले. कान बंद, तरी डोक्यात गिरणी चालू.

"दादी, तुमाले येते का आवाज?" नयन ओरडली.

"रोडरोलर चालून राह्यला डोक्यातून!" मानीबाई त्याहून मोठ्यानं ओरडली.

बोटं काढल्यावर सरांचं पुढलं बोलणं लावलं. दुसऱ्याचा आवाज आपल्याकडे हवेतून येतो. आपला स्वतःचा आवाज हवेतून तर येतोच, शिवाय जबड्याच्या आणि डोक्याच्या हाडांतून आतल्या आत कानापर्यंत पोचतो. हाडांतून येताना तो जाड होऊन येतो, म्हणून आपला आवाज आपल्याला भरदार वाटतो. मोबाइल काही आपल्या डोक्यात बसलेला नसतो. त्याला फक्त हवेतला मिळतो.

पोरं आपापल्या कपाळांवर टिचक्या मारून बघू लागली. मानीबाई मात्र हनुवटीला हात लावून बसली.

"म्हंजे मॅडम, थो घागरीवानी आवाज हाय?"

"आहे ना. खराच आहे."

"पण थो एकट्या मलेच आयकू येते?"

"हो."

"लोकाइले कधीच आला नाही? माह्या घरच्यालेबी नाही? चाळीस वर्ष एका घरात राहून?"

मॅडमनी मान हलवली. या प्रश्नाचं उत्तर पाठवणारे सर कुठल्याच तालुक्यात नव्हते.

मानीबाई उठली. लुगडं झटकलं. "समजलं," ती म्हणाली. "लय छान समजलं. पण होळीचं काही सांगत नाही. काहून थे समजलं म्हणून चिरचिर थोडीच गोड होते?"

तो भाग सोमवारी वावरात लागला तेव्हा टोळीतल्या बायांनी मालकिणीकडून फुटाणे मागवले आणि इंदूबाईनं, नाकातून, ते आणायला माणूस पाठवला.

होळी आली. संध्याकाळी नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, दारापुढं बायांनी गोल धरला. सुखीबाई मधे उभी राहिली, खाकरली. मानीबाई लांब लिंबाखाली पोराबाळांत. मॅडमही आल्या होत्या, हातात मोबाइल, पण पदराखाली धरलेला. कोणत्या तोंडानं बाहेर काढणार?

सुखीबाईनं पहिली ओळ उचलली.

मानीबाई जन्मात पहिल्यांदा लेंगी बाहेरून ऐकत होती. आतापर्यंत ती कायम गोलाच्या मधोमध. तिनं मान तिरपी केली. सुखीबाईचा आवाज काही गोड नव्हता. त्यात ती भांडखोर बाई स्पष्ट ऐकू येत होती. पण तिकडं कोणाचं लक्षच नव्हतं. बायांच्या नजरा सुखीबाईच्या ओठांवर, पाय उचललेले, आणि सगळ्या एकाच गोष्टीसाठी टपलेल्या: ओळ ही सोडते कधी आणि आपण झेलायची कधी. सुखीबाईनं ओळ जरा लांबवली. अर्ध्या बायांनी आधीच झेलली, अर्ध्या मागं राहिल्या, पाय पायांवर पडले, हसू फुटलं. दुसऱ्या खेपेला पुन्हा तेच.

"अशी हाय व्हय हे गोष्ट," मानीबाई लिंबाला म्हणाली.

तिसऱ्या खेपेला सुखीबाईचा दम संपला. तिनं गोल मोडला, लिंबाखाली आली आणि मानीबाईचा दंड धरला. "चाल व, मा. झालं माहं समाधान. इतके दिवस कोमट पाणी पेली, आता पुढच्या साली बर्फ खातो. तू सोडतं कशी थे ओळ? मले नाही जमत."

"माहा आवाज..."

"खड्ड्यात गेला तुहा आवाज! ओळ कुठं सोडाची थे सांग."

मानीबाई उठली. गोलात शिरली. तिनं ओळ उचलली आणि तिच्या जागी सोडली. सगळ्या बायांनी ती एकदम झेलली आणि सगळ्यांचे पाय एकदम जमिनीवर पडले. धुरळा उडाला. पुरुषांकडचा डफही जागचा हलून इकडं आला.

बऱ्याच वेळानं, लेंगी थांबल्यावर, मॅडमनी पदराखालचा मोबाइल हळूच बाहेर काढला. "मानीबाई, एक पुन्हा म्हणता का? कारखान्यावर ऊस तोडायला गेलेत ना पोरांचे आईबाप, त्यांना होळीला येता आलं नाही. त्यांना पाठवते."

मानीबाई घामानं भिजली होती. तिनं मोबाइलकडे बघितलं, मग लांब ऊस तोडणाऱ्या माणसांच्या दिशेला, म्हणजे साधारण नायकाच्या गोठ्याकडे.

"पाठवा ना. त्याइले हाच वळखीचा हाय," ती म्हणाली. "फक्त मले आयकवू नका."